लाल विमानाचा मुक्काम

उइटहॉर्न, नेदरलँड्स
रविवार, ११ जून २००६

चि. सौ. वीणास,

कुमूताईचे आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव, मी आपले पाठवले.

मी इकडे खुशाल आहे. तुम्हां सर्वांची खुशाली कळावी असं रीतीप्रमाणे लिहिते खरी, पण ती तुझ्याकडून कळणार नाही हे मला ठाऊक आहे. वीस वर्षं कळलेली नाही. हे गेले तेव्हा तू आलीस, तेराव्यापर्यंत राहिलीस, रोज पंचवीस माणसांचा स्वयंपाक केलास आणि माझ्याशी एक वाक्य बोलली नाहीस. मीठ कुठं आहे हेसुद्धा तू योगिनीला विचारलंस.

तरी लिहिते आहे. फोन केला तर तू ठेवून देशील, पत्र मात्र फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच. निदान आपल्या आईच्या मुली तरी वाचतात. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तिनं कधी चुलीत घातला नाही.

योगिनीकडे येऊन मला महिना होत आला. घर नीटनेटकं आहे, मागं हातभर बाग आहे. सध्या गल्लीभर केशरी पताका लागल्यात. मला वाटलं कुणाची तरी जयंती असेल, तर जावई म्हणाले, "नाही हो आई, फुटबॉल." आज या डच लोकांची मॅच आहे म्हणून रस्त्यावर चिटपाखरू नाही. एरवी योगिनी सकाळी स्लोटरडाइकला ऑफिसात जाते, अंबरीशराव रॉटरडॅमला, आणि नात संहिता आपल्या फीट्सवरून शाळेत. फीट्स म्हणजे सायकल. पोरगी दहा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते आणि चिडली की डचमध्ये. माझ्याशी सध्या इंग्रजीत बोलते, म्हणजे बरं चाललंय.

दुपारी घरात मी आणि विमानं. घरावरूनच त्यांची वाट आहे. मी खिडकीत वही घेऊन बसते आणि वेळा टिपून ठेवते. छत्तीस वर्षं एसटीच्या वेळापत्रक शाखेत काढली, ती खोड निवृत्तीच्या नारळाबरोबर थोडीच जाते!

आता खरी बातमी. आम्ही ग्रीनलंडला निघालोय. हसू नकोस. शाळेच्या नकाशात वर तो पांढरा ठिगळाएवढा तुकडा असायचा ना, तोच. जावयांना तिथल्या इलुलिसाट गावचे समुद्रात तरंगणारे हिमाचे डोंगर बघायचेत. मी म्हटलं मी घर सांभाळते, तर संहितानं डचमध्ये काहीतरी म्हटलं. तेव्हा मीही जाणार हे ठरलं.

अंबरीशरावांनी प्रवासाचा कागद छापून आणला. मी पट्टी आणि पेन्सिल मागितली. मोठं विमान कोपनहेगनहून कांगर्लुसुआक नावाच्या ठिकाणी जातं आणि तिथून लहान विमान इलुलिसाटला. यांनी मधे पन्नास मिनिटं ठेवली होती.

मी म्हटलं, "पन्नास मिनिटांत मेळ बसायचा नाही."

"आई, सिस्टिमनंच दिलंय ते कनेक्शन. मिनिमम टाइमपेक्षा जास्त आहे."

"तुमची सिस्टिम कधी घाटात अडकली आहे का?"

योगिनी स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होती. मी सांगितलं, त्या कांगर्लुसुआकला एक मुक्काम टाका. दोघंही म्हणाले, आई, ते गाव नाहीये, नुसता विमानतळ आहे, लढाईच्या काळात अमेरिकेनं बांधलेला. आजूबाजूला पाचशे माणसं, पुढं बर्फ. मी म्हटलं, जिथं गाडी रात्री थांबते आणि सकाळी निघते, त्याला आमच्या खात्यात गावच म्हणतात.

आणि मग तळटीप! तुला आठवतं ना, मी वेळापत्रक नेहमी खालून वर वाचते. "ही गाडी बाजारच्या दिवशी धावणार नाही" हे वर कधीच लिहिलेलं नसतं. तसं मी त्यांच्या कागदपत्रांच्या तळाशी बारीक अक्षरात वाचलं की, इथला व्हिसा आणि परवाना ग्रीनलंडला चालत नाही, वेगळा शिक्का लागतो. लेक आणि जावई, दोघं इंजिनिअर, एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी जावई सुट्टी काढून डॅनिश वकिलातीत अर्ज देऊन आले आणि येताना मला गजऱ्याएवढी फुलं घेऊन आले. मुक्कामही मंजूर झाला.

एक गोष्ट मात्र मला पट्टीनं मोजूनही पटेना. विमान कोपनहेगनहून सव्वानऊला सुटतं आणि पावणेदहाला पोचतं, आणि मधे साडेचार तास उडतं. जावयांनी संत्रं आणि सुई घेऊन समजावलं. समजलं. तरी रात्री अंथरुणावर पडले आणि वाटलं, छत्तीस वर्षांत मी असं वेळापत्रक लिहिलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं असतं. विमान घड्याळाबरोबर पळतं आणि घड्याळाला पुढं जाऊ देत नाही. कोण हे जग असं लिहून बसलंय!

मुक्कामाचा विषय निघाला म्हणून लिहिते. नाही तर पुन्हा राहील.

तुझ्या आंबेघोळची मुक्कामी गाडी शहाऐंशीच्या जूनमध्ये बंद झाली. रात्री देवळापाशी थांबायची आणि पहाटे पावणेसहाला निघायची, त्या एकाच गाडीनं तुझी मीनल अकरावीच्या वर्गाला वेळेवर पोचणार होती. गावातली सायन्सला गेलेली पहिली मुलगी. तू ऑफिसात आलीस. मी म्हटलं, वरून आदेश आहे, भारमान कमी आहे, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही. मी म्हटलं, मीनलला माझ्याकडे ठेव. तू सगळ्या शाखेसमोर म्हणालीस, "जिला गाडी ठेवता आली नाही तिनं मुलगी ठेवायची भाषा करू नये." त्यानंतर मीनलचं कॉलेज सुटलं, अठराव्या वर्षी लग्न झालं, आणि आपलं बोलणं संपलं.

वरून आदेश होता, वीणा. तेव्हाही तेच म्हटलं होतं, आजही तेच लिहिते.

विश्वासरावांना नमस्कार. मीनलला, ती माहेरी आली तर, आशीर्वाद.

तुझी,
कुमूताई


कांगर्लुसुआक विमानतळ
बुधवार, ५ जुलै २००६

चि. सौ. वीणास आशीर्वाद.

वरचा पत्ता दोनदा वाच. खरंच तिथून लिहिते आहे. विमानतळाच्या खाणावळीत खिडकीजवळचं टेबल मिळालंय, समोर धावपट्टी आहे. पहाटेचे सव्वापाच झालेत आणि बाहेर दुपारसारखं ऊन आहे. बाकीचे तिघं पडदे ओढून झोपलेत. मला झोप लागली नाही आणि लागायला नकोच होती.

आधी हे सांगते, विमान लाल आहे! अगं, पार शेपटापर्यंत लाल. कोपनहेगनला काचेतून दिसलं आणि मी मोठ्यानं म्हटलं, "ही तर आपली गाडी!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. योगिनीला लाज वाटली, मला मात्र इतका धीर आला की खिडकीशी बसून मी पहिल्यांदा पट्टा स्वतःचा स्वतः लावला.

कोपनहेगनला धुकं होतं, सुटायला सव्वा तास उशीर झाला. इथं उतरलो तेव्हा इलुलिसाटचं लहान विमान निघून गेलेलं. पन्नास मिनिटांवर विसंबलेली चार-पाच कुटुंबं बॅगांवर बसली होती. माझं न बोलणं जावयांना चांगलं ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी माझी पिशवी स्वतःहून उचलली.

उतरायच्या आधी पाऊण तास खाली फक्त बर्फ होता. पाऊण तास, वीणा. मोठं विमान, त्याचा वेग केवढा, आणि खाली एक घर नाही, झाड नाही, वाट नाही. मधे मधे निळी तळी, बांगडीच्या काचेसारखी. मी मनात गाव शोधत राहिले, सवयीनं. थांबा कुठं द्यावा असा एक ठिपका सापडेना. मग एकाएकी बर्फ संपला, तपकिरी डोंगर आले, गढूळ नदी आली आणि धावपट्टी.

जावई म्हणाले होते ते खरंच आहे, हा नुसता विमानतळ आहे. एकाच इमारतीत तिकीट, खाणावळ, निजायच्या खोल्या. बाहेर एक खांब आहे, त्याला बाणाच्या पाट्या, कुठलं शहर विमानानं किती तासांवर ते लिहिलेलं. त्यात उत्तर ध्रुव! सव्वातीन तास. आपल्या स्टँडवर "पुणे चार तास" लिहिलेलं असायचं, तितक्या सहज. मी त्या पाटीखाली उभी राहिले आणि संहितानं फोटो काढला. या जागेवरून दुसऱ्या कुठल्याही गावाला रस्ता जात नाही. एक कच्चा रस्ता आहे, तो बर्फापर्यंत जातो आणि संपतो.

त्या रस्त्यानं काल दुपारी उंच चाकांच्या गाडीतून गेलो. वाटेत डास! बर्फाच्या देशात डास असतील असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला शहाणा म्हटलं नसतं. डोक्यावर जाळी घालून बसलो होतो. लांब केस लोंबणारी गवारेडे-म्हशींच्या कुळातली जनावरं दिसली, तिथल्या गवतात पांढऱ्या कापसाची बोंडं डोलत होती. मग एका वळणावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, उतरा.

मी पुष्कळ शब्द शोधले, सापडत नाहीत. समोर भिंत होती. आंबेघोळच्या कड्याएवढी उंच, आतून निळी, आणि डावीकडे उजवीकडे नजर जाईल तिथपर्यंत. त्यामागं तोच बर्फ शेकडो मैल, मैल-दोन मैल जाडीचा. ड्रायव्हरनं सांगितलं की यातला खालचा बर्फ माणूस शेती शिकायच्या कितीतरी आधी पडलेला आहे. मी हातमोजा काढून त्याला हात लावला. हात लगेच बधिर झाला. तेवढ्यात आतून आवाज आला, मोठी तुळई मोडावी तसा, आणि पुन्हा सगळं गप्प. संहिता कधी नव्हे ती माझ्या पदराला चिकटून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आजी, ते जिवंत आहे?" मराठीत म्हणाली.

मला भीती वाटली नाही. आपण किती लहान आहोत हे कळून इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी देवळात जाते, हात जोडते, पण मनात आमटीचं आधण असतं. काल पहिल्यांदा हात आपोआप जोडले गेले आणि मनात काही नव्हतं.

रात्री सगळे निजल्यावर मी शाल घेऊन बाहेर पायरीवर बसले. म्हणायचं म्हणून रात्र. सूर्य उत्तरेच्या डोंगरापर्यंत खाली आला. मी घड्याळ लावून बघत होते, आता मावळेल, आता मावळेल. तर तो डोंगराच्या एका बाजूनं आड गेला, आकाश पिवळं राहिलं, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. मावळलाच नाही. जन्मभर मी उगवतीच्या आणि मावळतीच्या वेळांवर गाड्या बसवल्या, आणि इथं कालचा दिवसच पुढं चालू होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. धावपट्टीच्या कडेला एक लहान लाल विमान उभं होतं, चाकांना ठोकळे लावलेलं, मुक्कामाला. सगळ्या त्या अफाट पसाऱ्यात ओळखीचं तेवढंच.

आता जे लिहायचं आहे ते.

काल संध्याकाळी इथल्या कंट्रोलरबाई खाणावळीत आमच्या शेजारी येऊन बसल्या. आविआया त्यांचं नाव, पन्नाशीच्या असतील, गालाची हाडं वर, हसू आलं की डोळे नाहीसे होतात. विमानांचे मेळ त्या बघतात, म्हणजे माझ्याच जातीच्या. मी माझी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. त्यांनी खाल्ली, पाणी प्यायल्या, आणखी मागितली. मग आम्ही कामाचं बोलायला लागलो. माझं इंग्रजी ऑफिसातल्या टिपणीपुरतं, म्हणून संहिता मधे बसली.

बाईंचं माहेर म्हणजे किनाऱ्यावरची साठ माणसांची वस्ती. हिवाळ्यात समुद्र गोठतो, होड्या बंद होतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा हेलिकॉप्टर जातं. मी संहिताला म्हटलं, "विचार, माणसं किती चढतात?"

बाई म्हणाल्या, कधी दोन. कधी एक म्हातारी, दात दाखवायला. कधी कुणीच नाही, नुसतं टपाल.

"मग जातं कशाला? विचार."

संहितानं विचारलं. बाईंना प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारायला लावलं. त्यांनी खांदे उडवले, काहीतरी म्हणाल्या आणि चटणीत बोट बुडवलं. संहिता माझ्याकडे वळली आणि तिच्या तुटक मराठीत म्हणाली, "आजी, ती म्हणते, तिकडे लोक राहतात ना."

बस, एवढंच. बाई उठून कामाला गेल्या. मी मात्र तेव्हापासून जागी आहे.

आता घड्याळात पावणेसहा झाले. पावणेसहाला आंबेघोळची गाडी सुटायची. मला तुला काहीतरी सांगायचं आहे, तीन वेळा वाक्य सुरू केलं आणि तिन्ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. योगिनी उठलेली दिसते. आठ वाजताचं विमान आहे.

इथं टपालपेटी आहे. हे पत्र इथूनच टाकते, म्हणजे शिक्का इथला पडेल. विश्वासराव मुलांना भूगोल शिकवायचे, त्यांना दाखव.

तुझी,
कुमूताई


उइटहॉर्न
रविवार, २३ जुलै २००६

वीणा,

आशीर्वाद वगैरे या पत्रात लिहीत नाही. वाचल्यावर तुला ते माझ्याकडून हवेत की नकोत कोण जाणे.

इलुलिसाट बघून आलो. समुद्रात देवळांएवढे, गावांएवढे हिमाचे डोंगर संथ जात होते. ते सगळं भेटीत सांगेन, भेट झाली तर. इथं परत आलो तर उकाडा, लोक म्हणतात असा जुलै पाहिला नाही. पंखा नाही कुणाकडे. मी खिडकीत बसते, पण विमानांच्या वेळा टिपत नाही आता. मन लागत नाही.

दोन पत्रं गेली, तुझं उत्तर नाही. ते अपेक्षितच होतं. ज्यानं खरं लिहिलं नाही त्याला उत्तर कशाचं द्यायचं?

वरून आदेश होता हे खरं आहे. पण आदेशात आंबेघोळचं नाव नव्हतं.

आदेश इतकाच होता की चार मुक्कामी गाड्या कमी करा, नावं शाखेनं सुचवावीत. शाखा म्हणजे मी. भारमानाची यादी मीच केली होती. त्यात आंबेघोळ खालून सातवी होती. खालची चार गावं लिहिली असती तर तुझ्या गाडीला कुणी हात लावला नसता, आणि ते नियमात बसलं असतं. मी चौथं गाव खोडलं आणि आंबेघोळ लिहिलं. चौथ्या जागीही नाही, सगळ्यात वर लिहिलं.

का, ते ऐक. त्याच्या आदल्या वर्षी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं, "आंबेघोळच्या गाडीला कोण हात लावणार? बाईंची बहीण दिलीय तिथं." सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य वर्षभर माझ्या टाचेत काट्यासारखं राहिलं. शाखेत मी एकटी बाई. माझ्याकडे माझं काम आणि माझं नाव, एवढंच होतं. कुमुदिनीबाई कुणाचं ऐकत नाहीत, सख्ख्या बहिणीचंही नाही, असं सगळ्यांना दिसावं असं मला वाटलं. ते दिसावं म्हणून मी मीनलची गाडी काढली.

साहेबांनी यादी वाचून चष्मा वर केला होता. म्हणाले, "बाई, ही राहू द्या की. कॉलेजची मुलं येतात ना या गाडीनं?" मी म्हटलं, "साहेब, माझी बहीण आहे तिथं. म्हणूनच नको." त्यांनी सही केली आणि म्हणाले, अशी माणसं खात्याला मिळायला भाग्य लागतं. ते वाक्य मी कितीतरी वर्षं मिरवलं, वीणा. माझ्या निरोपसमारंभातसुद्धा कुणीतरी ती गोष्ट सांगितली आणि टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्या घेतल्या.

तू ऑफिसात आलीस तेव्हा म्हणाली होतीस की मीनल गाडी बंद झाल्यावरही आठ दिवस पहाटे देवळापाशी जाऊन उभी राहत होती, दप्तर घेऊन, चुकून आलीच तर म्हणून. मी मान खाली घालून फाइल चाळत होते. तुला वाटलं मला ऐकायला वेळ नाही. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

माझी योगिनी त्याच वर्षी अकरावीला होती. घरापासून कॉलेज सात मिनिटं. आज ती इथं आहे, आणि मीनल अंगणवाडी चालवते असं ऐकते. चांगलीच चालवत असणार. दोघींना चौथीपर्यंत पाढे तूच शिकवलेस आणि मीनल योगिनीच्या पुढं असायची, हे तुला आठवतं तसं मलाही आठवतं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आंबेघोळची मुक्कामी परत सुरू झाली, ती माझ्या टिपणीवर. बारा वर्षं दरवर्षी प्रस्ताव पाठवला, तेराव्या वर्षी मंजूर झाला. तू म्हणशील, बैल गेला आणि झोपा केला. बरोबर आहे. मी तुला ते कधी सांगितलं नाही, कारण ते सांगताना बंद कुणी केली हेही सांगावं लागलं असतं.

हे सगळं मी मेले तरी सांगितलं नसतं. पण त्या विमानतळावर त्या बाईला माझा प्रश्न कळलाच नाही, आणि मला एकदम लाज वाटली. आयुष्यभर किती चढतात तेच मोजत राहिले. कोण राहतं हे कधी विचारलं नाही. आणि आंबेघोळला कोण राहतं हे तर मला नावानिशी ठाऊक होतं. त्या बर्फासमोर मी इतकी लहान झाले होते की माझी इभ्रत कुठं शोधूनही सापडत नव्हती. ती जपायला मी काय दिलं ते मात्र स्पष्ट दिसत होतं.

माफ कर असं लिहिणार होते. खोडलं. माफी मागायची ती मीनलकडे. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव, असंही लिहिलं होतं, तेही खोडलं. ती पळवाट झाली. तिला मी सांगणार, माझ्या तोंडानं.

मी दहा ऑगस्टला निघते. पट्टी-पेन्सिल घेऊन बसले आणि हे ठरवलं आहे. शनिवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळी सातच्या मुक्कामी गाडीनं मी आंबेघोळला येते. आठ पस्तीसला देवळापाशी पोचते. पुलावर पाणी असेल तर गाडी अलीकडच्या वाडीवर थांबते, तिथून चालत येईन, काठी आणली आहे. तुझं दार एकदाच वाजवीन.

उघडलंस तर मुक्काम तुझ्याकडे. नाही उघडलंस तर मी पुन्हा वाजवणार नाही आणि गावात कुणाच्या दारी जाणार नाही. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओसरीत झोपतात, मी गाडीत बसून राहीन. घोंगडी, दशम्या, पाणी बरोबर असेल. एवढ्या मुक्कामाची आता मला सवय आहे. तुझ्या घरात दिवा लागला नाही, तर तो अंधार माझ्याच करणीचा आहे, हे कळायला मला अडचण नाही.

मग पहाटे पावणेसहाच्या आधी खाली उतरून मीनल जिथं उभी राहायची तिथं आठ मिनिटं उभी राहीन, तिच्या एकेका दिवसाचं एकेक. आणि त्याच गाडीनं परत जाईन.

या पत्राचं उत्तर लिहू नकोस. ते दारानंच द्यायचं आहे.

"तुझी" लिहायचं की नाही ते एकोणीस तारखेला कळेल. तोवर नुसतीच,

कुमू